तारीख आहे का ही?

एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर संगणकात चढवायचे ठरते. साठ-सत्तर वर्षांची पाने, पाच-सहा मुख्याध्यापकांची अक्षरे, कुठे शाई फुटलेली, कुठे कोपरा वाळवीने नेलेला. टायपिंगला बसवलेल्या माणसाला सूचना एकच असते : जसे दिसते तसे उतरवा. तो इमानेइतबारे उतरवतो. काम संपल्यावर जन्मतारखेचा कॉलम उघडला की साधारण असा ऐवज समोर येतो :

१२/०३/१९६४
३०/०२/१९७१
५-६-४८
जून १९६३
२०१२०६
०१/०६/१९५९
माहीत नाही
००/००/००००

यातल्या तारखा कोणत्या, असे शाळेच्या लिपिकाला विचारले तर तो फारसा विचार न करता सांगेल. पहिली ठीक. दुसरी चूक, फेब्रुवारीला तीस दिवस नसतात. तिसरी ५ जून १९४८ ची, कारण पान पन्नाशीच्या दशकातले आहे. पाचवीत दिवस लिहायचा राहिला, जून २०१२ असणार. सहावीकडे पाहून तो कदाचित हसेल. त्याचे कारण पुढे येईल. हे सांगताना तो कॅलेंडर, पानाचा क्रमांक, वरखालच्या नोंदी आणि गावाची ओळख असे सगळे एकदम वापरत असतो. डेटाबेसकडे यातले फक्त कॅलेंडर असते, आणि तेही प्रत्येक डेटाबेसचे थोडे निराळे.

हा कॉलम मुळात मजकुराचा आहे. डेटाबेसमध्ये कॉलम करतानाच त्यात काय राहणार ते सांगावे लागते : आकडा, मजकूर की तारीख. तारखेचा कॉलम केला असता तर ‘माहीत नाही’ दारातच अडले असते आणि टायपिंगही तिथेच अडले असते. म्हणून घाईत मजकुराचा कॉलम करतात, तपासणी ‘नंतर बघू’वर जाते आणि कोणीतरी वयानुसार यादी मागेपर्यंत कोणाला तिची आठवण होत नाही. मजकुरातून वय निघत नाही. क्रम लावायला सांगितले तर तो अक्षरांच्या हिशेबाने लागतो, म्हणजे ०१/०६/१९५९ ला जन्मलेला मुलगा १२/०३/१९४४ ला जन्मलेल्याच्या आधी येतो.

(वरचे आकडे देवनागरीत छापले असले तरी कॉलममध्ये ते इंग्रजी आहेत असे समजावे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोणी खरोखरच देवनागरी आकड्यांत तारीख टाइप केली, तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस तिला तारीखच मानत नाही. गावोगावच्या फाइलींत अशा नोंदी सापडतात आणि डोळ्यांना त्या अगदी निर्दोष दिसतात.)

आता तपासणी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी ‘इझडेट’ नावाचे एक फंक्शन अनेक वर्षांपासून आहे. त्याला मजकूर द्यायचा; तारीख असेल तर १ मिळतो, नसेल तर ०. वरची यादी त्याच्यापुढे ठेवली तर ‘३०/०२/१९७१’, मराठीत लिहिलेले ‘जून १९६३’, ‘माहीत नाही’ आणि शून्यांची ओळ बाद होतात. इथवर समाधान वाटते.

मग खाचाखोचा सुरू होतात. ‘२०१२०६’ला इझडेट १ देते. सहा आकडे सलग दिसले की एसक्यूएल सर्व्हर त्यांचे दोन-दोनचे तुकडे पाडून वर्ष, महिना, दिवस असे वाचतो : वर्ष २०, महिना १२, दिवस ०६. लिपिकाच्या मते जून २०१२ मध्ये जन्मलेले मूल ६ डिसेंबर २०२० ला जन्माला येते. नुसते ‘२०१२’ दिले तरी १, त्याची तारीख १ जानेवारी २०१२. महिना इंग्रजीत लिहून पुढे १९६३ लिहिले तरी १. दिवस नसल्यामुळे सर्व्हर स्वतःच १ तारीख पुरवतो आणि ‘जून १९६३’चे १ जून १९६३ होते. इतकेच काय, ‘१०:३०’ ही निव्वळ वेळसुद्धा त्याला चालते, तिला तो १ जानेवारी १९०० हा दिवस चिकटवतो. इझडेटला आपण विचारतो, ही तारीख आहे का. ते मात्र स्वतःला विचारते, यातून काही करून तारीख काढता येईल का. या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीतूनच बहुतेक घोटाळे आत येतात.

दोन आकडी वर्षांचेही असेच. एसक्यूएल सर्व्हरची मूळ मांडणी अशी की ४९ पर्यंतचे वर्ष दोन हजारांतले आणि ५० पासूनचे एकोणीसशेतले. त्यामुळे ५-६-४८ ला जन्मलेले आजोबा २०४८ मध्ये जन्माला येणार आहेत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस ही रेघ ७० वर मारतात. तिथे ‘५८’ म्हणजे २०५८. तोच आकडा, एका सर्व्हरवर निवृत्त शिक्षक, दुसऱ्यावर अजून न जन्मलेले बाळ, आणि दोन्हीकडे तपासणी उत्तीर्ण.

पण सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट दिवस आणि महिन्याच्या अदलाबदलीची आहे. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन महिना आधी लिहितात, आणि एसक्यूएल सर्व्हर बसवताना काही बदलले नाही तर त्याची भाषा अमेरिकन इंग्रजी राहते. अशा सर्व्हरला ‘२५/०३/१९६४’ दिले तर पंचविसावा महिना नाही म्हणून तो ते नाकारतो. ‘१२/०३/१९६४’ मात्र तो आनंदाने घेतो आणि १२ मार्चचे ३ डिसेंबर करून ठेवतो. वर्षाच्या बारा महिन्यांतले पहिले बारा-बारा दिवस असे उलटे वाचता येतात : एकूण १४४. त्यातले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे बारा दिवस उलटले तरी तेच राहतात. उरले १३२. म्हणजे वर्षातल्या एकतृतीयांशाहून जास्त दिवसांच्या तारखा कोणतीही तक्रार न करता चुकीच्या जागी जाऊन बसू शकतात. जी नोंद नाकारली गेली ती तरी माणसाच्या नजरेस येते. ही येत नाही.

हा रोग ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. आत घेतल्या गेलेल्या तारखांतला महिन्याचा दिवस वेगळा काढावा आणि कोणत्या दिवशी किती नोंदी आहेत ते मोजावे. निरोगी रजिस्टरमध्ये १ ते ३१ सगळे दिवस थोड्याफार फरकाने भरलेले दिसतात. १ ते १२ भरगच्च आणि १३ च्या पुढे शुकशुकाट दिसला, तर फाइल उलटी वाचली गेली आहे. दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

सर्व्हरची भाषा ब्रिटिश करून ठेवली की दिवस आधी वाचला जातो, पण मग दुसरीच गंमत होते. ‘१९६४-०३-२५’ असे वर्ष पुढे ठेवून, आडव्या रेघा देऊन लिहिलेली तारीख जगभर निःसंदिग्ध मानतात. १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या प्रमाणाची तीच शिकवण आहे. एसक्यूएल सर्व्हरचा जुना ‘डेटटाइम’ प्रकार मात्र ब्रिटिश मांडणीत हीच तारीख वर्ष-दिवस-महिना अशी वाचतो आणि पंचविसावा महिना नाही म्हणून परत पाठवतो. त्या प्रकारापुढे निर्धास्तपणे ठेवण्याजोगे रूप म्हणजे रेघा न देता सलग आठ आकडे : १९६४०३२५. नवे प्रकार याबाबत शहाणे झाले आहेत, पण जुनी टेबले अजून हजारो ठिकाणी चालू आहेत.

२०१२ च्या आवृत्तीपासून इझडेटची गरज बरीच कमी झाली. ‘ट्राय कन्व्हर्ट’ नावाचे फंक्शन मजकुराची तारीख करून देते आणि करता आली नाही तर आरडाओरडा न करता रिकामी जागा, म्हणजे नल, परत देते. कोणत्या पद्धतीने वाचायचे तेही त्याला सांगता येते. दिवस आधी, चार आकडी वर्ष, असा क्रमांक दिला की १२/०३/१९६४ चे १२ मार्चच होते, सर्व्हरची भाषा कोणतीही असो. जुन्या रीतीत आणखी एक खड्डा होता. ‘इझडेट १ असेल आणि तारीख १९६० नंतरची असेल’ अशा दोन अटी एकापुढे एक लिहिल्या तर पहिली आधी तपासली जाईल असे कोणालाही वाटते. डेटाबेस तसे वचन देत नाही. सोयीचे वाटले तर तो दुसरी अट आधी तपासायला घेतो, ‘माहीत नाही’ची तारीख करायला जातो आणि अख्खी क्वेरी कोसळते, कधी कोसळते, कधी नाही, टेबल किती भरले आहे त्यावर. अशा चुकीने अनेक नवख्यांच्या रात्री खाल्ल्या आहेत.

इझडेटची आणखी एक मर्यादा आहे आणि तिचे मूळ थेट अठराव्या शतकात जाते. ३१ डिसेंबर १७५२ ही तारीख ते नाकारते. १ जानेवारी १७५३ ला हो म्हणते. कारण जुना ‘डेटटाइम’ प्रकार त्याच दिवसापासून सुरू होतो. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ च्या सप्टेंबरात जुने ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन धरले. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडला, मधले अकरा दिवस झालेच नाहीत. एसक्यूएल सर्व्हर ज्या सायबेस नावाच्या जुन्या डेटाबेसवरून निघाला, त्याच्या कर्त्यांनी त्या गुंतागुंतीत न शिरता त्यानंतरच्या पहिल्या सरळ वर्षापासून मोजणी धरली. व्यवहारासाठी हे ठीकच होते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला हा दरवाजा तोंडावर बंद होतो, आणि आपल्याकडे तर सगळी शिवशाही त्याच्या पलीकडे आहे.

जेधे शकावलीप्रमाणे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवारचा. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आणि शासनाची शिवजयंती याच दिवशी. ही तारीख जुन्या ‘डेटटाइम’मध्ये बसणारच नाही. पोस्टग्रेसमध्ये, किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या २००८ नंतरच्या ‘डेट’ प्रकारात, ती विनातक्रार बसते. मग त्यालाच विचारावे, या दिवशी वार कोणता? उत्तर येते मंगळवार.

शकावली चुकली नाही आणि गणितही चुकले नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन आहे. पोस्टग्रेस मात्र ग्रेगोरियन नियम मागे हवे तितके ताणतो, ते कॅलेंडर अस्तित्वात नव्हते त्या काळातही. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता; तो मिळवला की १ मार्च १६३० येते आणि त्या तारखेचा वार डेटाबेस बिनचूक शुक्रवार सांगतो. राज्याभिषेकाचे तसेच : ६ जून १६७४ ही ज्युलियन, ग्रेगोरियन १६ जून, वार शनिवार. त्या काळची कागदपत्रे चाळणाऱ्याला हा फरक पावलोपावली भेटतो, कारण पोर्तुगालने नवे कॅलेंडर १५८२ मध्येच धरले आणि इंग्रजांनी १७५२ पर्यंत धरले नाही. गोव्यातल्या पोर्तुगिजांचे पत्र आणि मुंबईच्या इंग्रजांचे पत्र एकाच दिवशी लिहिलेले असले तरी त्यांवरच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असते. दोन्ही तारखा वैध. एका कॉलममध्ये भरून क्रम लावला तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर अशी पाळी येऊ शकते. अशा कामासाठी तारखेच्या शेजारी तिचे कॅलेंडर कोणते हे सांगणारा आणखी एक कॉलम लागतोच, आणि मूळ तिथी, वारासकट, जशीच्या तशी ठेवावी असे मी आग्रहाने म्हणेन. वार ही जुन्या लोकांनी फुकटात देऊन ठेवलेली पडताळणी आहे.

जाता जाता, ‘३० फेब्रुवारी’ जगात कधीच नव्हती असेही नाही. स्वीडनने ग्रेगोरियनकडे हळूहळू सरकायचा बेत आखला, तो अर्ध्यावर फसला आणि परत ज्युलियनवर यायला त्यांनी १७१२ च्या फेब्रुवारीला तीस दिवस दिले. उलट सामोआ देशाने वाररेषा ओलांडून पूर्वेकडून पश्चिमेकडे येण्यासाठी ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळला. पहिली तारीख घडली, पण प्रचलित डेटाबेस ती नाकारतात. दुसरी सामोआत घडली नाही, पण कोणताही डेटाबेस ती घेतो.

डेटाबेसांच्या स्वभावांतही बराच फरक आहे. मायएसक्यूएल फार वर्षे मवाळ होता. चुकीची तारीख दिली की तो नाराजीचा एक इशारा नोंदवायचा आणि तिच्या जागी ‘००००-००-००’ लिहून पुढे जायचा. शून्यावे वर्ष, शून्यावा महिना, शून्यावा दिवस. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून तो मुळातच कडक झाला, पण तरीही त्यात एक अशी मुभा आहे की महिना १ ते १२ आणि दिवस १ ते ३१ एवढेच पाहावे. मग ३१ एप्रिलही चालते. त्या शून्यांच्या तारखेची आणखी एक तऱ्हा म्हणजे, ‘रिकामे चालणार नाही’ अशी ताकीद दिलेल्या कॉलममध्ये ‘रिकामे कोणते?’ असे विचारले की ती हात वर करते. पोस्टग्रेस कडक म्हणून ओळखला जातो, पण त्याचेही ‘टू डेट’ हे फंक्शन दहाव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, ४० जून २००९ ऐकून निमूटपणे १० जुलै २००९ करून द्यायचे. सोळाव्या आवृत्तीत त्यांनी नुसते ‘हे चालेल का’ विचारणारे फंक्शन दिले. ऑरॅकलमध्ये तशी सोय १२.२ पासून आहे. ऑरॅकलचे कॅलेंडर मात्र इतिहासाशी जास्त प्रामाणिक आहे : तिथे ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर येतो.

माझे मत विचाराल तर कडकपणा बरा. नाकारलेल्या नोंदीचा त्रास आज होतो, सावरून घेतलेल्या नोंदीचा दहा वर्षांनी, आणि तेव्हा मूळ कागद सापडत नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या तारखा माणसांनी लिहिलेल्या होत्या. प्रोग्रॅमही अवैध तारखा तयार करतात. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा बराच वेळ कोलमडली होती. कंपनीने नंतर स्वतःच सांगितलेले कारण असे : सेवेचा एक भाग एक वर्ष मुदतीची प्रमाणपत्रे बनवत असे आणि मुदत काढण्यासाठी आजच्या तारखेतल्या वर्षात एक मिळवत असे. २९ फेब्रुवारी २०१२ मध्ये एक वर्ष मिळवले की २९ फेब्रुवारी २०१३. ती तारीख नाही. प्रमाणपत्र बनले नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेली यंत्रणा एकामागून एक बंद पडत गेली.

भारतात लिहिलेल्या प्रोग्रॅममधून आणखी एक खास चूक निपजते. आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. ब्राउझरमध्ये निवडलेली १५ ऑगस्टची तारीख प्रोग्रॅम मध्यरात्री बारा वाजताची वेळ समजून धरतो आणि सर्व्हरकडे पाठवताना ग्रीनिचच्या वेळेत बदलतो. ती होते १४ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा. सर्व्हर वेळ कापून टाकतो. उरते १४ ऑगस्ट. प्रत्येक माणूस एक दिवस आधी जन्मतो, आणि एकही तारीख अवैध नसते. वेळ कापली गेली नसेल तर निदान लगेच होते : सगळ्या कॉलममध्ये ओळीने १८:३० दिसतात. याच साडेपाच तासांमुळे, आकडा शून्य राहून गेलेल्या नोंदीवर आपल्याकडे १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी वेळ उमटते, कारण युनिक्सच्या घड्याळाचा शून्य तिथे आहे.

तेव्हा कॅलेंडरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तारखेला पुढचे प्रश्न दुसऱ्या नोंदींच्या सोबतीने विचारावे लागतात. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे वय काय होते? वजा चौऱ्याण्णव आले तर वर्ष भलत्या शतकात गेले. जन्माची नोंदणी जन्माआधीची आहे का? १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो, तेव्हा दोन तारखांतले अंतरही बोलके असते. असे काही नियम टेबलवरच बांधून ठेवता येतात, पण ‘जन्मतारीख आजच्या पुढची नसावी’ हा अगदी साधा नियम ऑरॅकल आणि मायएसक्यूएल अशा रीतीने बांधू देत नाहीत. ‘आज’ रोज बदलतो आणि नियमाचे उत्तर बदलता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी ट्रिगर, म्हणजे नोंद होताना आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावा लागतो.

आपल्या शाळांनी यावर एक उत्तम उपाय फार पूर्वीच करून ठेवला होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा असते, अंकी आणि अक्षरी. ‘०५/०६/१९५८’ आणि त्याखाली ‘पाच जून एकोणीसशे अठ्ठावन्न’. दिवस-महिन्याची अदलाबदल असो, शतकाचा घोळ असो की आकड्यावर पडलेला शाईचा डाग, अक्षरी तारीख सगळ्यांना पुरून उरते. संगणकात उतरवताना मात्र ‘तेच ते दोनदा कशाला’ म्हणून पहिला बळी अक्षरी रकान्याचा जातो. तो टाइप करून घ्यावा. वेळ जातो, पण पुढे शंभर हिकमती करण्यापेक्षा स्वस्त पडतो.

आणि आता १ जून. महाराष्ट्रात ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत शाळेत नाव घातले, त्यांच्या कोणत्याही यादीत दिवस आणि महिना एकत्र मोजून पाहावे. इतर तारखा एकमेकींच्या आगेमागे असतात आणि १ जूनचा मनोरा एकटा वर गेलेला दिसतो. घरी जन्मलेल्या मुलाची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसे. आई म्हणे, पोळ्याच्या आसपास, किंवा थोरल्या पुरानंतर. शाळा जूनमध्ये भरत, तोवर मुलाचे वय पुरे व्हायला हवे. गुरुजी हिशेब करून १ जून लिहीत. आपल्याकडे हजारो घरांत हा ‘सरकारी वाढदिवस’ म्हणून थट्टेचा विषय आहे, पण त्याचे परिणाम थट्टेचे नाहीत. राज्याच्या नियमांप्रमाणे बहुतेक कर्मचारी ज्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षे पुरी होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात. ज्याचा जन्म १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी कार्यालयांत निरोपसमारंभांची रीघ लागते.

‘०१/०६/१९५९’ दिवस आधी वाचणाऱ्या डेटाबेसला द्या किंवा महिना आधी वाचणाऱ्या. ती उत्तीर्ण होईल. दिवस-महिना उलटला तर तेवढे ६ जानेवारी होईल, तेही वैध. वयाचा नियम लावा, अंकी-अक्षरी ताडून पाहा, सगळे जुळेल, कारण गुरुजींनी ती जुळवूनच लिहिली होती. इथे नोंद एकेकटी तपासून काही हाती लागत नाही. गर्दी मोजावी लागते. आणि मोजूनही खरी तारीख मिळत नाही, एवढेच कळते की हिच्यावर किती विसंबावे. आधारच्या नोंदणीत यासाठी एक समंजस सोय आहे : जन्मतारखेला ‘कागदपत्रांनी पडताळलेली’, ‘सांगितलेली’ किंवा ‘अंदाजे’ असे बिरुद लागते. शाळेचे रजिस्टर चढवतानाही मूळ मजकुराचा कॉलम तसाच ठेवावा, त्याच्या शेजारी तारखेचा, आणि तिसरा खात्री सांगणारा. ‘जून १९६३’ मग १ जून म्हणून बसवता येते, पण ‘महिन्यापुरती खरी’ असा शेरा मारून. ‘माहीत नाही’ला नल द्यावे. शून्यांच्या ओळीलाही.

नव्या मुलांबाबत चित्र बदलेल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला. ती मुले पहिलीच्या वर्गात येतील तेव्हा १ जूनचा मनोरा खाली बसून इतर दिवसांच्या रांगेत यायला हवा. त्या याद्यांतही एखादी तारीख तशीच एकटी वर आलेली दिसली, विशेषतः १ जानेवारी, तर पालकांना विचारण्याआधी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म उघडून पाहावा : तारखेच्या चौकटीत आधीपासून काय भरून ठेवले आहे?